ठेवण्याजोगं काय होतं

कोल्हापूरला पाहुणा आला की त्याचा दौरा ठरलेला. अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, वेळ असेल तर पन्हाळा, मध्येच मिसळ आणि जाताना चपला. टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय या यादीत क्वचितच येतं. सीपीआरला पेशंट बघायला आलेली माणसं तिथल्या बागेत सावली धरून बसतात, डबा खातात आणि उठून जातात. आत जावं असं त्यांना वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर आतूनही कुणी बोलावत नाही. तरी एका वस्तूसाठी तिथं जावंच. पोसायडनची, वीतभरही नसलेली कांस्यमूर्ती. ग्रीकांचा हा समुद्रदेव १९४०च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडला. समुद्र इथून घाटापलीकडं. कुठल्याशा व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून देव घाट चढून वर आला असणार. ब्रह्मपुरीत निघालेल्या वस्तू ठेवायच्या कुठं, या गरजेतून १९४६ साली संग्रहालय सुरू झालं. आधी वस्तू, मग घर. हा क्रम मला आवडतो.

कणेरी मठावरच्या सिद्धगिरी म्युझियमात क्रम उलटा आहे. तिथं आधी गावाची एक कल्पना आहे, बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदारांच्या स्वयंपूर्ण गावाची, आणि ती डोळ्यांना दिसावी म्हणून माणसाएवढे पुतळे उभे केलेत. काम बारकाईचं आहे. शहरातली पोरं हरखून जातात, आणि आजीआजोबांना बोलायला विषय मिळतो, हे काही थोडं नाही. मला मात्र ते गाव जरा जास्तच समजूतदार वाटतं. माझ्या आजोळच्या गावात बांधावरून दोन पिढ्या बोलाचाली बंद होती. त्यामुळं असेल.

तिसरं ठिकाण गेल्या थंडीत बघितलं. त्याला संग्रहालय म्हणावं की नाही, हा प्रश्न तिथल्या गुरुजींनाही पडलेला आहे. भोगावतीच्या खोऱ्यातलं एक गाव, ग्रामपंचायतीचं वाचनालय, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. गावाचं नाव लिहीत नाही, कारण गुरुजींनीच तसं सांगितलं. मध्यंतरी रील करणारी पोरं आली, त्यातल्या एकानं काहिलीत, म्हणजे गूळ करायच्या मोठ्या कढईत, बसून व्हिडिओ काढला, तेव्हापासून ते सावध झालेत.

रस्ता कोल्हापूरकरांना पाठ आहे. पुईखडीचा चढ, वाशी, हळदी, परिते. गाळपाचे दिवस होते, त्यामुळं उसाच्या डबल ट्रॉल्यांच्या मागं रांगत जावं लागलं. कारखान्याचा वास संपला की गुऱ्हाळाचा वास सुरू होतो, आणि ज्याला या दोन वासांतला फरक कळत नाही तो या भागातला नव्हे. उजवीकडं, डावीकडं, मध्येच पुलाखाली नदी दिसत राहते. तिच्यावर ठिकठिकाणी आपले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पाऊस सरला की खांबांच्या खाचांत बरगे घालायचे आणि पाणी अडवायचं, मिरगाआधी बरगे काढून नदी मोकळी सोडायची. दरवर्षी काढायचं, दरवर्षी घालायचं. त्या बंधाऱ्यांचा एक जुना लाकडी बरगा वाचनालयाच्या जिन्याखाली उभा करून ठेवलाय. पाण्यात राहिलेला भाग काळा, वरचा करडा. कुणी आणून दिला विचारलं तर गुरुजी म्हणाले, "दिला न्हाई, पुरात वाहून आला. कुठल्या बंधाऱ्याचा ते कळंना, मग ठेवून घेतला."

बाहेर पत्र्याच्या शेडखाली तीन वीरगळ आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला घेऊन निघालेल्या, वर तो शिवलिंगापुढं बसलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. जिल्ह्यात अशा शिळा गावोगाव आहेत. तुळशी नदीच्या बाजूला बीड गावात तर त्या इतक्या आहेत की लोक नवल करत नाहीत. त्या गावचं नवल वेगळं. पावसाच्या सरी पडून गेल्या की तिथं मातीतून सोन्याची बारीक नाणी वर येतात, आणि माणसं नजर जमिनीला लावून फिरतात. इथल्या तीनपैकी एका वीराला शेंदूर फासलेला होता आणि पायाशी ताजं तेल. "हे प्रदर्शनात असतानाही?" मी विचारलं. "त्येला कोण सांगणार तू प्रदर्शनात हाईस म्हणून," गुरुजी म्हणाले, "आणि बायकांना कोण सांगणार?"

गुरुजी म्हणजे निवृत्त शिक्षक. वर्ग संपल्यावरही आवाज मोठाच राहिलेला. पुस्तकी आणि गावाकडची, दोन्ही भाषा एकाच वाक्यात बोलतात. त्यांनी मला आधी चहा पाजला, मग कुठनं आलासा विचारलं, मग आडनाव, मग आजोळ. आजोळचं गाव सांगितल्यावर तिथल्या तिघांची चौकशी झाली आणि त्यातले दोघे वारल्याचं त्यांनीच मला सांगितलं. त्यानंतर कुलूप उघडलं.

पहिल्या खोलीत शेतीचं सामान. मोटेचं चाक, कणा, नाड्याचा एक वळसा आणि खुद्द मोट, म्हणजे तिचं जे काय उरलंय ते. वाळून कडक झालेलं चामडं आणि एका बाजूला लोंबणारी सोंड. किर्लोस्करी लोखंडी नांगर. तिफण. एक काहील. आणि एक इरलं. भात लावताना बायका पाठीवर घेत ते बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं छत. सगळ्या खोलीत ते एकटंच टवटवीत दिसत होतं. कारण ते जुनं नव्हतंच. जुनं इरलं मिळेना, कसं मिळणार? पानं एका पावसाळ्यापुरती, फार तर दोन. कामट्या चुलीत जायच्या. मग गुरुजींनी राधानगरीच्या वरच्या अंगाला एका म्हाताऱ्याला गाठून पैसे देऊन नवं करून घेतलं. त्याच्या शेजारच्या नांगराला गंज चढलेला, मोट भेगाळलेली, आणि इरल्याची पानं अजून हिरवट. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. कुठल्याही मोठ्या संग्रहालयात ही वस्तू "प्रतिकृती" म्हणून कोपऱ्यात गेली असती. पण विचार केला तर लोखंड टिकतं, आणि लोखंडाचं औत ज्याच्या दारात होतं त्याची आठवण टिकते. पानांचं छत घेऊन आठ तास गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाईचं मागं काही राहत नाही. तिच्यासाठी मुद्दाम काहीतरी करून घ्यावं लागतं.

मापांचं कपाट मात्र भरलेलं. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली, चढत्या क्रमानं मांडलेली. निळव्यापासून शेरापर्यंत प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट, आणि चार शेरांची पायली. शहरात वाढलेल्याला हे पाठ करावं लागतं, गावातल्या साठीच्या बाईला ते हाताच्या ओंजळीत कळतं. दशमान पद्धत येऊन साठ वर्षं उलटली, तरी आमच्या आईचा भाताचा अंदाज अजून चिपट्यावरच. दोन पायल्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. बघताना सारख्याच. गुरुजींनी पिशवीतले तांदूळ एकीत काठोकाठ भरले आणि दुसरीत ओतले, तर दुसरी चांगली दोन बोटं रिकामी राहिली. "एकच घर," ते म्हणाले, "एक द्यायची, एक घ्यायची." कुणाचं घर ते त्यांनी सांगितलं नाही. गाव लहान आहे, नातवंडं वाचनालयात येतात. वहीत देणगीदाराच्या रकान्यात नुसतं "एक हितचिंतक" लिहिलंय.

ही वही हा खरा ऐवज. शाळेतली दोनशे पानी, पुठ्ठ्याला खाकी कव्हर. वस्तू, देणाऱ्याचं नाव, गल्ली, तारीख. मी पानं उलटत गेलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. सगळ्या वस्तू वरच्या गल्लीतून आलेल्या. नदीकडच्या आळीतून जवळपास काहीच नाही. मला वाटलं, वरची आळी मातब्बर, जुनी घरं, म्हणून असेल. गुरुजींनी मान हलवली आणि जिन्याच्या भिंतीकडं नेलं. तिथं ऑइलपेंटनं रेघा मारल्यात आणि प्रत्येकीसमोर साल लिहिलंय. १९८९, २००५, २०१९, २०२१. सगळ्यांत खालची माझ्या कमरेला, सगळ्यांत वरची माझ्या डोक्याच्या वर.

पुराचं गणित इथं पोरालाही येतं. वर राधानगरीचं धरण, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे. तलाव भरला की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात, आणि एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक. खाली कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची पातळी मोजली जाते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ साली ती ५५ फुटांच्या वर गेली, दोन वर्षांनी ५६च्या वर. रात्री दरवाजा उघडल्याची बातमी आली की नदीकडच्या आळीत आधी जनावरं सोडतात, मग म्हातारी माणसं, मग धान्य, मग टीव्ही. ट्रंक शेवटी. आणि ट्रंकेतच लग्नाचे फोटो, जुने कागद, आजीची पैठणी, आजोबांचं पागोटं. तेव्हा नदीकडच्या घरी गुरुजी वही घेऊन गेले की उत्तर एकच, "पुरात गेलं की ओ." ते दर घरात ऐकून शेवटी त्यांनी वहीत एक वेगळं पानच केलं. काय काय गेलं, त्याची यादी. जातं, देव्हारा, मामाचा फौजेतला फोटो, एक सतार (या गावात सतार कुठून आली हे विचारायचं राहूनच गेलं), सातबाऱ्याचे उतारे, तांब्याचा हंडा आणि "बाबांचं पत्र". मला विचाराल तर त्या संग्रहालयातलं हे सगळ्यांत महत्त्वाचं पान. नसलेल्या वस्तूंची नोंद कुठलं सरकारी खातं ठेवतं?

दुसरी खोली घरातली. चिमण्या, कंदील, पाटा, उखळ, अडकित्ते, पानाचे डबे. यातल्या पुष्कळ वस्तू आपल्याकडं हॉटेलांच्या भिंतींवर टांगलेल्या असतात, म्हणून भराभर पुढं सरकलो. वाकळेपाशी थांबलो.

वाकळ लाकडी पलंगावर पसरलेली, एक कोपरा मुद्दाम उसवून उलगडलेला, म्हणजे आतले थर दिसावेत. वर हिरव्या नऊवारीचा थर, काठ आडवा आलेला. त्याखाली धोतराचं पांढरं, धुऊन धुऊन जाळी झालेलं. त्याखाली खाकी, घरातला कुणी होमगार्डमध्ये होता म्हणे. मग शाळेच्या निळ्या चड्डीचा तुकडा, खिसा तसाच. आणि अगदी मध्ये, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं घातलेला, निवडणुकीच्या कापडी फलकाचा एक पट्टा. लाल अक्षरं पुसट, पण वाचता येत होती: "चंड मतांनी वि". फ्लेक्स येण्याआधी निवडणूक संपली की गावातल्या बायका हे कापड उतरवायला टपलेल्या असत. जिंकणाऱ्याचं असो की पडणाऱ्याचं, मांजरपाट तोच. टाके मात्र सगळीकडं एकसारखे, तांदळाएवढे, कडेपासून आत आत जाणारे. ज्या म्हातारीनं ती शिवली तीच आणून देऊन गेली, कारण मुलानं पानिपतचं ब्लँकेट आणलं. ती अजून अधूनमधून जिना चढून येते आणि गुरुजींना दम देते, "उन्हात घालतासा न्हवं? कुबट वास मारतोय."

माझ्या मनात एक हिशेब जुळत गेला. इथं जे आलंय ते गरज संपलेलं. मोटेची गरज इंजिनानं संपवली, पायलीची तराजूनं, वाकळेची ब्लँकेटनं. ज्याची गरज आहे ते घरातच राहतं, आणि ज्याची गरज शेवटच्या धाग्यापर्यंत असते ते वापरून वापरून संपतं, ठेवायला उरत नाही. आपण ज्याला गावाचा इतिहास म्हणून काचेमागं ठेवतो तो बहुतेक वेळा फुरसतीचा आणि अडगळीचा इतिहास असतो. ज्यांच्या घराला माळा होता त्यांचा. हे मी गुरुजींना बोलून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अर्धं बरोबर हाय. आता कागद दाखवतो."

भिंतीतल्या कपाटात लाल फडक्यात बांधलेले मोडीचे रुमाल होते. पाटलाच्या घरातून आलेले. जमाबंदी, पेरे, वतनाचे तंटे. १९१८ साली शाहू महाराजांनी करवीर राज्यातली कुलकर्णी वतनं काढली, महार वतनंही काढली, तेव्हाच्या हालचालींचे काही कागद त्यात असावेत असा गुरुजींचा अंदाज. स्वतः ते मोडी चाचपडत वाचतात. सहा रुमाल आले होते आणि पुष्कळ दिवस त्यांच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. मग २०२३ साल आलं. मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि राज्यभर जुन्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली. मोडी वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला. या दोन खोल्यांत कधी पाऊल न टाकलेली माणसं जिना चढू लागली. "बघा की गुरुजी, आमच्या पणज्याचं काय निघतंय का." कुणी रात्री फोन करायचं, कुणी पेढे आणून आधीच ठेवायचं. ज्यांनी रुमाल दिले होते ते घर एके दिवशी आलं आणि चार रुमाल परत घेऊन गेलं. म्हणाले, ह्यो आता घरात पायजे. गुरुजींनी दिले. करणार काय? उरलेल्या दोनांत पेऱ्याचे आकडे आहेत, ते कुणाला नको होते.

म्हणजे गरज संपली असं ठरवायला आपण कोण. शंभर वर्षांचा निकामी कागद एका जीआरनं जिवंत होतो.

बौद्धवाड्यातलं काही दिसत नव्हतं, म्हणून विचारलं. हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता, आणि गुरुजींनीही तो टाळला नाही. म्हणाले, "गेलो होतो मागायला. समाजमंदिरात बसलो. एक जाणती बाई म्हणाली, गुरुजी, ठेवण्याजोगं काय होतं ते तुम्हीच सांगा आधी." थोडं थांबून म्हणाले, "मला सांगता येईना." मग तिच्याच घरानं एक कागद दिला. आजोबांचा शाळेचा दाखला. करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९१७ चा, त्यानंतरच्या पिढीतला पोरगा, चौथी पास. भिंतीवर फ्रेममध्ये लावलाय. जवळ जाऊन बघितलं तर झेरॉक्स. मूळ दाखला द्यायला घरानं साफ नकार दिला, आणि बरोबरच केलं. जातपडताळणीला १९५०च्या आधीचा पुरावा लागतो. नातीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला तो लागला, आता पुतण्याच्या नोकरीला लागेल. फाइलमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत, देव्हाऱ्याच्या वर ठेवलेला असतो. पूर आला की त्या घरातून टीव्हीच्या आधी तो बाहेर पडतो.

शहरातल्या एखाद्या तज्ज्ञानं झेरॉक्स प्रदर्शनात लावल्याबद्दल नाक मुरडलं असतं. मला ती फ्रेम तिथल्या सगळ्या पितळेपेक्षा मोलाची वाटली. मूळ कागद कुठं आहे आणि का आहे, हे त्या झेरॉक्समुळंच कळतं.

त्याच भिंतीवर एक मोकळा खिळा होता आणि खाली चिठ्ठी: हलगी. हलगी कुठाय विचारलं. गुरुजी हसले आणि वहीचं मागचं पान काढलं. तिथं आणखी एक रकाना, हा रुमालांच्या भानगडीनंतर घातलेला. "परत नेले". त्यात बघतो तर काय, निम्मं संग्रहालय ये-जा करत होतं. काहील महाप्रसादाला दोनदा गेलेली. पायली एका लग्नात, रुखवतावर मांडायला. मोटेचं चाक शाळेच्या गॅदरिंगला. कंदील नाटकाला, आणि तो फुटून आलेला, नवी काच घातल्याची नोंद पुढं. हलगी देणाऱ्या घरानं तर देतानाच अट घातली होती. टांगून ठेवली तर कातडं मरतं, तिला विस्तव लागतो, हात लागतो. तेव्हा जत्रा असेल तेव्हा द्यायची, नाहीतर दिलीच नाही समजा. गुरुजींनी वहीत तसं लिहून घेतलं आणि खाली दोघांच्या सह्या.

मी निघताना त्यांनी मलाही विचारलं, तुमच्याकडं काय हाय. आजोळचं जातं आमच्या गॅलरीत आहे, त्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय. ते सांगितल्यावर त्यांनी तुळस कुठं ठेवणार असं विचारलं, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं, म्हणून विषय तिथंच राहिला.

परवा फोन झाला. वाचनालयाच्या छताला गळती लागलीय, मिरगाआधी डांबर मारायला पाहिजे, त्यासाठी ग्रामसभेत विषय घ्यायचाय, हे सगळं सांगून झाल्यावर मी हलगीचं विचारलं.

"न्हाई आली अजून," गुरुजी म्हणाले. "आपली जत्रा झाली, तिथनं पावण्यांच्या गावच्या म्हाईला गेली. आता तिकडच्यांनी लग्नाला ठेवून घेतलीया."